सत्त्याऐंशीव्या हिश्श्याची आगगाडी
(रौप्यमहोत्सवी वर्षाच्या सहलीच्या निमित्ताने)

रौप्यमहोत्सवी वर्षात सगळ्या सभासदांनी मिळून एकदा बाहेर पडायचं, हे वार्षिक सर्वसाधारण सभेत एकमताने ठरलं. एकमत तिथेच संपलं. तरुण मंडळींना वॉटर पार्क हवं होतं, महिला मंडळाने अष्टविनायकातले दोन गणपती सुचवले आणि माझ्यासारख्या दोघा-तिघांनी कोथरूडच्या जोशी मिनिएचर रेल्वे संग्रहालयाचं नाव पुढे केलं. "अहो काका, ते तर इथेच आहे, तिथे कधीही जाता येईल," असं लगेच कोणीतरी म्हणालं. मी हात वर करायला सांगितले. पंचवीस वर्षांत तिथे जाऊन आलेली घरं पाच निघाली. जे कधीही पाहता येतं, ते कधीच पाहिलं जात नाही, हा पुण्याचा जुना नियम आहे.

शेवटी समितीने या नावावर शिक्कामोर्तब केलं. जाण्याआधी थोडा इतिहास ठाऊक असावा म्हणून स्मरणिकेसाठी हा लेख मला लिहायला सांगितला. मी इतिहासकार नाही. उभा जन्म बँकेत आकडे जुळवण्यात गेला. त्यामुळे लेखात आकडे जरा जास्त आले तर चालवून घ्यावेत.

पहिला आकडा आपल्या जिव्हाळ्याचा. हे संग्रहालय लोकांसाठी उघडलं १ एप्रिल १९९८ रोजी, आणि आपल्या सोसायटीची नोंदणीही १९९८ सालचीच. म्हणजे आपण आणि ती छोटी आगगाडी एकाच वर्गातले.

खेळण्यातून शास्त्राकडे

युरोपात खरी आगगाडी धावू लागली आणि थोड्याच काळात तिची खेळणी बाजारात आली. सुरुवातीची खेळणी पत्र्याची किंवा लाकडाची होती. दोरीने ओढायची, चावी द्यायची, तर कोणी खरोखर स्पिरिटवर वाफ करून चालवायची. अडचण एकच होती. प्रत्येक कारखानदाराचे रूळ निराळ्या मापाचे असल्यामुळे एकाची गाडी दुसऱ्याच्या रुळावर बसत नसे.

या घोळात शिस्त आणली जर्मनीतल्या मर्क्लिन कंपनीने. बाहुल्यांच्या भातुकलीची भांडी बनवणारी ही कंपनी १८५९ सालची. १८९१ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत तिने ठरावीक मापांचे रूळ आणि त्यांवर चालणाऱ्या गाड्या मांडल्या. आज इंजिन घ्या, पुढच्या नाताळात दोन डबे, त्याच्या पुढच्या वर्षी स्टेशन, आणि सगळं एकमेकांना जुळणार. बँकेच्या भाषेत सांगायचं तर हे आवर्ती ठेव खातं झालं. इंग्लंडमध्ये फ्रँक हॉर्नबी यांनी आधी मेकॅनो काढलं आणि १९२० पासून आगगाड्या. आपल्या पिढीतल्या ज्यांचे मामा-काका मुंबईत बऱ्यापैकी नोकरीत होते, त्यांनी मेकॅनोचा डबा पाहिलेला असेल. बाकीच्यांनी दुकानाच्या काचेतून पाहिला.

घरं लहान होत गेली तशी गाडीही लहान झाली. आधी 'ओ' नावाचं माप होतं, खऱ्याच्या सुमारे साडेत्रेचाळिसाव्या हिश्श्याचं. त्याच्या निम्मं ते 'एचओ', म्हणजे 'हाफ ओ'. प्रमाण एकास सत्त्याऐंशी. जगात सर्वात जास्त चालणारं माप हेच, आणि कोथरूडची मांडणीही याच मापाची आहे.

एकास सत्त्याऐंशी म्हणजे नेमकं किती? मुलांनी हा हिशोब घरी जरूर करून पाहावा. आपल्या रेल्वेचा जुन्या बनावटीचा प्रवासी डबा साधारण २१ मीटर लांब असतो. त्याला ८७ ने भागलं की उरतात २४ सेंटिमीटर, शाळेतल्या फूटपट्टीहूनही कमी. साडेपाच फुटांचा माणूस दोन सेंटिमीटरांहून किंचित कमी भरतो. आणि मुंबई-पुण्याचं १९२ किलोमीटरचं अंतर जसंच्या तसं मांडायचं म्हटलं, तर त्यालाही सव्वादोन किलोमीटर लांबीचा हॉल लागेल. म्हणूनच अशी मांडणी करणाऱ्याला काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे ठरवावं लागतं. खरं कसब तिथे आहे.

आणखी एक गंमत. भारताचा ब्रॉड गेज ५ फूट ६ इंचांचा, म्हणजे १६७६ मिलिमीटर. युरोपचा नेहमीचा गेज १४३५ मिलिमीटर. एचओचे रूळ युरोपच्या हिशोबाने साडेसोळा मिलिमीटरवर असतात. आपला ब्रॉड गेज त्या प्रमाणात १९ मिलिमीटरच्या वर जातो. म्हणून कोणी हौसेने आपली डेक्कन क्वीन या मापात बनवलीच, तर तिला बाजारातल्या रुळांवर जरा अंग चोरूनच उभं राहावं लागतं.

आपल्या दारातली खरी आगगाडी

छोटी गाडी पाहायला जाताना मोठीची आठवण हवी. १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी निघाली. चौदा डबे, चारशेच्या आसपास पाहुणे, ओढायला साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं आणि एकवीस तोफांची सलामी. या रेल्वेसाठी मुंबईत ज्यांनी खटपट केली त्यांत जगन्नाथ शंकरशेट, म्हणजे नाना शंकरशेट, अग्रभागी होते. हे सगळं शाळेत पाठ केलेलं असतं.

शाळेत कमी सांगितलं जातं ते बोरघाटाबद्दल. मुंबईचे रूळ पळसदरीपर्यंत आले, इकडे खंडाळा ते पुणे गाडी १८५८ साली सुरूही झाली, आणि मध्ये सह्याद्री उभा. काही वर्षं प्रवासी मधला घाट पालखीत, खुर्चीत किंवा पायी चढत. जीआयपी रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांनी जो मार्ग आखला तो सुमारे सोळा मैलांचा. त्यात चढ १८३१ फुटांचा, बोगदे पंचवीस, आणि सर्वात अवघड जागी दर ३७ फुटांना एक फूट चढ. काम १८५६ मध्ये सुरू झालं. पहिल्या कंत्राटदाराने ते मध्येच सोडलं. दुसरे सॉलोमन ट्रेडवेल, ते भारतात पोहोचल्यावर काही आठवड्यांतच वारले. त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनी कंत्राट सोडलं नाही. अनुभवी अभियंते नेमले आणि काम पुढे नेलं. एका वेळी चाळीस हजारांहून जास्त मजूर या घाटात राबत होते. पटकीने आणि तापाने त्यांतली किती माणसं गेली याला गणती नाही, आणि त्यांची नावं तर कुठेच नाहीत. १८६३ मध्ये घाट खुला झाला.

हा १८३१ फुटांचा चढ एकास सत्त्याऐंशीत आणला तर २१ फूट होतो, म्हणजे आपल्या इमारतीचे दोन मजले. पुढच्या वेळी लिफ्ट बंद असेल तेव्हा दुसरा मजला चढताना बर्कलीसाहेबांची आठवण काढावी.

घाटात खंडाळ्याजवळ गाडीला एक अजब कसरत करावी लागे. डोंगरात वळण घ्यायला जागाच नव्हती. म्हणून गाडी सरळ एका टोकापर्यंत जाई, थांबे, इंजिन सुटून दुसऱ्या बाजूला लागे आणि गाडी उलट दिशेने निघे. ही उलटी चाल १९२९ मध्ये नव्या मार्गामुळे संपली. त्याच सुमारास घाटात वीज आली आणि १ जून १९३० पासून डेक्कन क्वीन सुरू झाली. तेव्हा सात-सात डब्यांचे दोन संच होते. एक रुपेरी, त्यावर लाल पट्टे. दुसरा निळा, त्यावर सोनेरी रेघा.

आपले ड्रायव्हरसाहेब

इथे मला ए विंगमधल्या आपल्या ड्रायव्हरसाहेबांबद्दल लिहिलंच पाहिजे. नाव घालू नका म्हणाले, म्हणून घालत नाही. सगळ्यांना माहीतच आहे. दौंडला वाफेच्या इंजिनावर कोळसा ओढत नोकरी सुरू केली आणि निवृत्त झाले ते घाटात विजेची इंजिनं चालवून.

कर्जतहून लोणावळ्याकडे चढताना गाडीला मागून ढकलायला जादा इंजिनं लागतात. त्यांना म्हणतात 'बँकर'. पहिल्या ओळखीत मी त्यांना म्हटलं, "मी बँकर." ते म्हणाले, "मग आपण दोघं सारखेच. मागून ढकलायचं, लोणावळा आलं की सुटायचं, आणि गाडीतल्या कोणाला पत्ताही लागत नाही." माझ्या निवृत्तीच्या समारंभात इतकं नेमकं कोणी बोललं नव्हतं.

चढण्यापेक्षा उतरणं अवघड, असं ते सांगतात. खाली येणाऱ्या गाडीला मंकी हिल आणि ठाकुरवाडीला थांबावंच लागतं. प्रवाशांना वाटतं सिग्नल मिळाला नाही. खरं कारण ब्रेकची परीक्षा. पुढचे सांधे मुद्दाम चढावर जाणाऱ्या आंधळ्या रुळाकडे लावलेले असतात. गाडी नीट थांबली तरच सांधा फिरतो आणि खरा मार्ग मिळतो. थांबली नाही तर ती त्या चढावर जाऊन अडते आणि खालची माणसं वाचतात.

घाटातल्या एका जुन्या इंजिनाची गोष्टही त्यांचीच. लांब नाकाडाचं, मध्ये सांध्यासारखं वळणारं ते इंजिन १९२८ मध्ये आलं, मूळ बनावट स्विस. कर्मचारी त्याला 'खेकडा' म्हणत. आता गंमत पाहा. याच घराण्यातलं स्वित्झर्लंडमधलं इंजिन 'क्रोकोडाइल' म्हणून ओळखलं जातं आणि मर्क्लिनच्या मॉडेलमध्ये ते फार नावाजलेलं आहे. युरोपात जी मगर, ती कर्जतला खेकडा. एक खेकडा आज दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात उभा आहे.

ड्रायव्हरसाहेब आता एकोणऐंशी वर्षांचे आहेत. काचबिंदूमुळे एका डोळ्याने दिसत नाही. दुसऱ्याचं काय होईल ते डॉक्टर सांगत नाहीत आणि ते विचारत नाहीत. सहल पुढच्या वर्षावर ढकलू नये असा आग्रह मी सभेत का धरला, याचं कारण हे आहे. तिथे सभेत बोलणं बरं दिसलं नसतं, म्हणून त्यांची परवानगी घेऊन इथे लिहितो.

हौसेचा माणूस

आता कोथरूडकडे वळू. ज्या काळात भाऊसाहेब जोशींनी हा छंद जोपासला तो काळ नव्या पिढीला सांगितल्याशिवाय कळायचा नाही. १९७३ चा 'फेरा' कायदा चालू होता. मी काही वर्षं परकीय चलनाच्या टेबलावर काढली आहेत. परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलालासुद्धा मोजून डॉलर मिळत, त्यासाठी अर्जावर अर्ज. अशा काळात खेळण्यातल्या इंजिनासाठी परकीय चलन मागायला कोणी आला असता, तर आमच्या साहेबांनी त्याला पाणी देऊन बसवलं असतं आणि घरच्यांना बोलावलं असतं. परदेशी वस्तू आणायची म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याची बॅग शोधायची, नाहीतर आपल्या हाताने बनवायची.

भाऊसाहेबांनी हे नेटाने केलं. १९८० च्या दशकात त्यांनी आपल्या छोट्या शहराची मांडणी लोकांना प्रदर्शनातून दाखवली. सुटी करून हलवता येईल अशी ती होती. पण दर वेळी सगळं उकलायचं, बांधायचं, न्यायचं, पुन्हा जोडायचं, यात माणूस थकतो आणि मालही खराब होतो. म्हणून कोथरूडमध्ये कायमची जागा केली आणि तिथे शहर वसवलं. एका माणसाच्या हौसेतून सुरू झालेली ही वास्तू त्यांच्या पश्चात घरच्यांनी चालू ठेवली आहे.

आत गेल्यावर काय पाहायचं? सगळ्यांची नजर आधी गाड्यांवर जाते. ती जाऊ द्यावी. वाफेच्या इंजिनाची गाडी, आधुनिक वेगवान गाडी, डोंगरावर जाणारा रोप वे, सर्कस, पोहण्याचा तलाव, रस्ते, पूल. मग दिवे मंद होतात आणि गावात रात्र होते, घराघरांत उजेड लागतो. मुलं इथे गप्प होतात असा माझा अनुभव आहे.

नंतर नजर सिग्नलवर न्यावी. इतक्या गाड्या एकमेकींवर आदळत का नाहीत? अशा मांडणीत रुळांचे तुकडे केलेले असतात, विजेने एकमेकांपासून वेगळे. साधारणपणे दोन रुळांतून बारा व्होल्टपर्यंतची डीसी वीज इंजिनाला मिळते. टोकं उलटी केली की गाडी उलटी चालते. पुढच्या तुकड्यात गाडी असेल तर मागच्या तुकड्याची वीज बंद राहते, म्हणून मागची थांबते. एका तुकड्यात एका वेळी एकच गाडी. खऱ्या रेल्वेची 'ब्लॉक' पद्धत नेमक्या याच तत्त्वावर चालते. फरक इतकाच की तिथे वीज बंद होत नाही, सिग्नल लाल होतो, आणि तो लाल पाहून थांबणारा एक माणूस पुढे बसलेला असतो.

लहान गाड्यांशी आपल्या भागाचं नातंही जुनं आहे. बार्शी लाइट रेल्वे १८९७ ची, अडीच फूट गेजची, कॅलथ्रॉप या अभियंत्याने बांधलेली. पुढे ती पंढरपूरला गेली आणि वारकऱ्यांची झाली. नेरळ-माथेरानची दोन फूट गेजची गाडी १९०७ ची, आदमजी पीरभॉय कुटुंबाने स्वतःच्या पैशाने उभारलेली. आणि पेशवे पार्कातली फुलराणी १९५६ ची. आपल्यातल्या निम्म्या आजी-आजोबांचा रेल्वेचा पहिला प्रवास तिच्यातच झाला असेल.

सांभाळण्याचा प्रश्न

अशा संग्रहालयात मला सर्वात जास्त आदर वाटतो तो देखभालीचा. एचओच्या रुळावर धुळीचा कण म्हणजे खऱ्या रुळावर दरड. रूळ काळवंडले की वीज जात नाही, म्हणून ते सतत पुसायचे. चाकांत केस अडकतो, मोटरचे ब्रश झिजतात, दिवे जातात, जुने सुटे भाग मिळत नाहीत. बांधणाऱ्याचं नाव दारावर लागतं. पुसणाऱ्याचं लागत नाही, पण गाडी त्याच्यामुळे धावते.

आपल्या सोसायटीचं निराळं काय आहे? पहिल्या समितीत आम्ही नऊ जण होतो, आज तिघं आहोत. पाण्याचा पंप कोणत्या वर्षी बदलला, गच्चीचं वॉटरप्रूफिंग कोणी उन्हात उभं राहून करून घेतलं, सिंकिंग फंडाला हात लावायचा नाही म्हणून कोण किती भांडलं, हे सगळं तिघांच्या डोक्यात आहे. कागदावर फार थोडं आहे. समितीच्या निवडणुकीला अर्ज येत नाहीत, मागच्या वेळी दोन जागा रिकाम्या राहिल्या. मी तरुणांना दोष देत नाही, त्यांच्या नोकऱ्या आमच्यासारख्या साडेपाचला सुटत नाहीत. पण भाऊसाहेबांच्या घरच्यांनी 'हे वडिलांचं वेड होतं' म्हणून मांडणी गुंडाळून ठेवली असती, तर आज आपल्याला पाहायला काय उरलं असतं, याचा विचार परत येताना बसमध्ये जरूर करावा.

सहलीचा बेत

आता व्यवहाराचं. रविवार सकाळचा बेत आहे. सगळे एकदम आत मावणार नाहीत म्हणून दोन तुकड्या करू. पहिली ज्येष्ठ आणि मुलांची, दुसरी बाकीच्यांची. गटाची वेळ सेक्रेटरी आधी फोन करून पक्की करतील. तिकीट, जिना आहे का, बसायची सोय कशी, हेही तेव्हाच विचारतील. ती माहिती नोटीस बोर्डावर लागेल. तिकिटाचा खर्च महोत्सव निधीतून, नाश्ता ज्याचा त्याने.

प्रत्येक मुलाने एका ज्येष्ठाशेजारी बसायचं आहे, स्वतःच्या आजोबांशेजारी नव्हे, दुसऱ्याच्या. आणि घरून एक प्रश्न लिहून आणायचा आहे. उत्तरं वहीत उतरवायची. चांगल्या वह्यांतला मजकूर पुढच्या अंकात छापू.

पुढच्या रांगेत मांडणीच्या अगदी जवळची एक खुर्ची ड्रायव्हरसाहेबांसाठी राखून ठेवलेली आहे. शेजारी कोण बसणार यासाठी आत्ताच चार मुलांनी नावं दिली आहेत. चौघांनाही आळीपाळीने बसवू. बाकीच्यांनी आपली नावं महिनाअखेरपर्यंत सोसायटीच्या ऑफिसात द्यावीत.